कव्हरवरची शिंक

गोराईची व्हायोलेटबाय मुर्झेलो शिंकत नाही, ही गोष्ट बोरिवलीपासून अंधेरीपर्यंतच्या सगळ्या गावठाणांना ठाऊक आहे. सर्दीपडशाच्या दिवसांत शिंकत असेल, त्याच्याशी कोणाला कर्तव्य नाही. पण तापलेल्या खापरावर मिरची पडली, तिचा जहाल धूर उठला, समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या धडाधड लागल्या, गल्लीतलं कुत्रं तोंड फिरवून चालू पडलं, की त्या धुराच्या मधोमध पाटावर बसून मिरची हलवणारी एकच बाई अशी असते, जिच्या नाकाची पाकळीसुद्धा हलत नाही. ती व्हायोलेटबाय.

उन्हाळा लागला की ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांमध्ये वर्षाचा मसाला होतो. मिरच्या, धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, असे पंचवीस-तीस जिन्नस उन्हात वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा, लाकडी उखळात उंच मुसळांनी कांडायचा आणि बाटल्यांत ठासून भरायचा. म्हणून नावच बाटली मसाला. ही कामं करणाऱ्या बायका घरोघर जातात, आणि त्यांच्यात व्हायोलेटबायचा शब्द शेवटचा. मार्च ते मे ती कोणाच्या लग्नाला जात नाही. लोक तिच्या सोयीने लग्नाच्या तारखा धरतात, असं तिचं मत आहे.

न शिंकण्याला या धंद्यात फार मान आहे. मसाला वर्षभर टिकायला हवा. त्यात ओलाव्याचा थेंब गेला की जाळी धरते. भाजणारी बाईच खापरावर शिंकली, तर तोंडावर कोणी काही बोलत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तिला बोलावणं जात नाही. मनोरीच्या बेव्हर्लीचं असंच झालं म्हणतात. कोण म्हणतं, म्हणाल तर व्हायोलेटबायच म्हणते.

तर अशा बाईवर तिच्या सख्ख्या भाच्यामुळे शिंकायची पाळी आली, त्याची ही हकिगत.

भाचा म्हणजे शेर्विन, धाकट्या बहिणीचा मुलगा, शेजारच्याच घरात राहणारा. तो आणि त्याची मैत्रीण अक्षता पाताडे, दोघं अंधेरीच्या एका कंपनीत परदेशी गेमसाठी चित्रं काढायचे. शेर्विनने तिथे नुसता कोबी काढला. कोवळा कोबी, जून कोबी, अळी लागलेला कोबी. एके दिवशी तो म्हणाला, कोबी बास झाला, आता आपल्या घरचं काहीतरी काढू. अक्षता मुलुंडची. ती म्हणाली, आमच्या घरी काढण्यासारखं पार्किंगच्या भांडणाशिवाय काही नाही, तुझ्या घरचं बघू. ती येऊन बघते तो अंगणात व्हायोलेटबाय मिरची भाजत होती. अक्षता पंधरावीस वेळा शिंकली आणि तिथेच गेमचा विषय ठरला.

गेमचं नाव ‘मसालेवाली’. खेळणाऱ्याने मसालेवाली व्हायचं. ऊन बघून मिरच्या घालायच्या, जिन्नस करपू न देता भाजायचे, कांडायचे, भरायचे, घरोघरच्या नखरेल गिऱ्हाइकांना खूश करायचं. मारामारी नाही, घाई नाही. माणसाने चहा पीत खेळावा असा संथ, प्रेमळ गेम. मुसळांचा आवाज खरा, व्हायोलेटबायच्या अंगणातला. तिने पहिल्यांदा गेम स्क्रीनवर पाहिला तेव्हा आतल्या बाईला मोठ्याने दटावलं होतं, “धणे अजून ओले आहेत गं! काय घाई लागली?” आणि मग शेर्विनच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली होती, “हुबेहूब आहे रे पोरा.”

गेम बाजारात आला. आणि कोणी उघडलाच नाही.

“उघडला नाही म्हणजे? आवडला नाही?” व्हायोलेटबायने विचारलं.

“आवडायला आत तर यायला पाहिजे ना, मावशी! लोक दारावरून जातात, थांबतच नाहीत.”

“कुठल्या दारावरून? आपल्या?”

तेव्हा अक्षताने फोनवर ते दुकान काढून दाखवलं. हजारो गेम, चौकोनी चित्रांच्या रांगाच रांगा, एकेक चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. माणूस बोटाने रांग सरकवत जातो. ज्या चित्रावर बोट अडलं ते उघडतो, बाकीच्यांच्या नशिबी काही नाही. त्या चित्राला कव्हर म्हणायचं.

“आपलं कुठाय?” व्हायोलेटबायने चष्मा पुसून विचारलं.

“हे काय.”

“हे होय? मला वाटलं काचेवर काही सांडलंय.”

आता खरं सांगायचं तर ते कव्हर तिच्याच देखरेखीखाली झालं होतं. शेर्विनने मुळात एक बाई आणि एक उखळ एवढंच काढलं होतं. “बाकीच्या तिघी कुठे गेल्या? त्यांना काय वाटेल?” असं म्हणून तिने आपल्या जोडीदारणी आत घेतल्या. मग सगळे जिन्नस आले, कारण एक जरी वगळला तरी लोक म्हणणार, व्हायोलेटबाय त्रिफळ घालत नाही वाटतं. मग चर्च आलं, कारण चर्चशिवाय गोराई कशी कळणार? चर्च आलं म्हणून धक्का आला, धक्का आला म्हणून बोट आली, आणि बोटीत तिचा नवरा अर्बन आला, कारण तो रुसला होता. मोठ्या स्क्रीनवर ते चित्र इतकं भरगच्च आणि सुरेख दिसायचं की व्हायोलेटबायने ते फ्रेम करून समोरच्या भिंतीवर लावलंय. पण तिकिटाएवढं केलं की सगळा लगदा.

अक्षताने एक युक्ती काढली. अर्बन हा गोराईतला सगळ्यांत निवांत माणूस. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तो ओट्यावर खुर्ची टाकून बसतो, चष्मा खिशात ठेवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अंदाजाने हाका मारतो. दुकानातून घाईने जाणाऱ्या गिऱ्हाइकाला जेवढं दिसतं, साधारण तेवढंच त्याला दिसतं. तेव्हा कव्हर फोनवर लहान करायचं, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला धरायचं आणि अर्बनला विचारायचं.

“अंकल, काय दिसतंय?”

अर्बनने डोळे बारीक केले. “भेळ.”

“त्या भेळीत तू आहेस,” व्हायोलेटबाय म्हणाली.

“मी? कुठे? शेंगदाणा झालाय माझा!”

मग दुसरं कव्हर झालं. यात गर्दी नको, एकच वस्तू हवी, असं ठरलं. शेर्विनने मागे पिवळंधमक ऊन काढलं आणि पुढे एकच एक बाटली, काळपट तपकिरी, उन्हात चमकणारी, बूच घट्ट बसवलेली. मसाल्याला प्रकाश लागू नये म्हणून तो गडद बाटलीत ठेवतात, आणि गडद बाटली म्हटली की बिअरची. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय. व्हायोलेटबाय गिऱ्हाइकाच्या घरी पोचली की आधी धुतलेल्या बाटल्यांवर नजर टाकते. बाटल्या कमी पडल्या तर मसाला राहतो आणि जास्त निघाल्या तर घरची बाई नवऱ्याकडे बघते.

अर्बनसमोर फोन धरला. तो खुर्चीतून अर्धा उठला. “मसाला!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हायोलेटबाय म्हणाली, किती स्वच्छ आहे बघा. शेर्विनची आई म्हणाली, तोंडाला पाणी सुटलं. अक्षताला कुठेतरी काहीतरी खटकलं होतं, पण घरातली सगळी माणसं एका सुरात मसाला मसाला म्हणत असताना मुलुंडच्या मुलीने काय बोलायचं?

दुसऱ्या दिवसापासून लोक गेम उघडायला लागले. आत येत होते, इकडेतिकडे बघत होते आणि चिडून बाहेर पडत होते. एकाने लिहिलं, बार कुठे आहे? दुसऱ्याने लिहिलं, अर्धा तास धणे वाळवतोय, बिअर कधी येणार? एका सद्गृहस्थाने तर व्हायोलेटबायच्या मसाल्याला एकच तारा देऊन वर लिहिलं होतं, फसवणूक. मग दुकानवाल्यांनी आपणहून गेमवर शिक्का मारला, अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही.

“माझ्या मसाल्याला अठरा वर्षं?” व्हायोलेटबाय कडाडली. “पोरं दात यायच्या आत माझं कालवण खातात!”

“मावशी, त्यांना बाटलीत बिअर दिसली.”

“बिअरच्या बाटलीत बिअर कशाला असेल?” असं तिने इतक्या मनापासून विचारलं की अक्षताने डोक्याला हात लावला. साऱ्या जगात फक्त या ओट्यावरच्या माणसांना त्या बाटलीत मसाला दिसत होता, आणि गेम विकायचा होता तो उरलेल्या जगाला.

त्यात एक बातमी आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या दुकानात स्वयंपाकाच्या गेमची जत्रा भरणार होती, आठवडाभर. ‘मसालेवाली’लाही त्यात जागा मिळाली होती. नवं कव्हर पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत द्यायचं. जत्रेत कोणी थांबलं नाही, तर मात्र संपलं. शेर्विन सहज म्हणाल्यासारखा म्हणाला, “मग परत कोबी.” पण म्हणताना त्याने खाली बघितलं, आणि ते व्हायोलेटबायने बघितलं. दोन उन्हाळे ते पोर तिच्या बाजूला धुरात बसलं होतं, डोळ्यांतून पाणी गाळत, हात न थांबवता.

“चेहरा पाहिजे,” अक्षता म्हणाली. “माणूस माणसाचा चेहरा बघून थांबतो. मावशी, तुमचा चेहरा.”

व्हायोलेटबाय आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, गळ्यात सोनं, अंबाड्यात सोन्याचं फूल. ती खुर्चीत ताठ बसली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघायला लागली, लग्नाच्या फोटोत बघितलं होतं तसंच.

“मावशी, थोडं हसा ना.”

“कशाला? कोणी काही बोललंय का?”

शेर्विनने चित्र काढलं. छान काढलं. गंभीर, तेजस्वी, भारदस्त. फोनवर लहान केलं, ओट्याच्या टोकाला धरलं. अर्बनने बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि क्रुसाची खूण केली.

“कोण गेलं?” त्याने हळूच विचारलं. “चर्चमध्ये मिस्सा कधी आहे?”

पुढे काही दिवस अर्बनच्या ताटात सुकटाशिवाय काही पडलं नाही, ते वेगळं.

मग अक्षता मुलुंडला गेली आणि रविवारी परत आली ती एक नवं चित्र घेऊन. व्हायोलेटबायला दाखवायच्या आधी तिने ते अर्बनला दाखवलं, हे तिचं चुकलंच. अर्बनने फोनकडे नजर टाकली मात्र, आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “गॉड ब्लेस यू!”

“कोणाला?” व्हायोलेटबाय स्वयंपाकघरातून बाहेर आली.

चित्रात ती होती. डोळे मिटलेले, नाक लाल, तोंड खिंडीसारखं उघडं, आणि समोर मिरचीच्या पुडीचा तांबडा ढग उडालेला. व्हायोलेटबाय खापरावर शिंकत होती.

तिने हात पदराला पुसले आणि फोन जवळ ओढला.

“मावशी, बघा ना, लांबूनपण कळतं,” अक्षता घाईघाईने म्हणाली. “अंकलना लगेच कळलं. हसू येतं, वाटतं उघडून बघावं...”

“हे काय आहे, ठाऊक आहे तुला?” व्हायोलेटबायने बोट स्क्रीनच्या इतकं जवळ नेलं की चित्र मोठं झालं आणि सगळ्या फोनभर नुसतं नाक पसरलं. “मरोळच्या, कुर्ल्याच्या, एरंगळच्या बायका हे बघणार. म्हणणार, व्हायोलेट मसाल्यात शिंकते. बेव्हर्ली तर चित्र छापून वाटेल! आयुष्यभर जे नाक सांभाळलं...”

“मावशी, हा गेम आहे,” अक्षता म्हणाली.

“तुमचा गेम आहे. माझं नाव आहे.”

अक्षताने शेर्विनकडे बघितलं. हेच कव्हर चालणार, हे दोघांनाही कळत होतं. शेर्विनने फोन खिशात घातला. “नको अक्षता. मावशी नाही म्हणते, तर नाही.”

“अरे, पण शनिवार!”

“कोंबडी काढतो,” शेर्विन म्हणाला. “गेममध्ये एक कोंबडी आहे.”

आहे, खरंच आहे. ती एकदाच येते, एक दाणा टिपते आणि जाते.

व्हायोलेटबायला वाटलं होतं, पोरगं भांडेल, रुसेल, दोन शब्द ऐकवेल. मग तिलाही दोन ऐकवता आले असते आणि मामला मिटला असता. पण तो गुपचूप जाऊन कोंबडी काढत बसला, आणि ते तिला फार टोचलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी गोराईत फक्त अर्बनला माहीत होती.

कामाच्या दिवशी संध्याकाळी व्हायोलेटबाय परतायची तेव्हा अर्बन तिला आणायला खाडीपलीकडे बोरिवलीच्या धक्क्यावर जायचा, छत्री घेऊन. बोटीत ती अगदी मागच्या टोकाला, पाण्याकडे तोंड करून बसायची आणि तो तिच्या मागे छत्री उघडून उभा राहायचा. बोटीतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या, या वयातसुद्धा नवरा कसा उन्हाला जपतो बघा. ऊन केव्हाच उतरलेलं असायचं, हे कोणाच्या ध्यानात यायचं नाही. बोट खाडीच्या मध्यावर आली, इंजिनाचा आवाज चढला, की अर्बन हळूच म्हणायचा, “हं.” आणि छत्रीच्या आड व्हायोलेटबाय दिवसभराच्या साचलेल्या सगळ्या शिंका एकामागोमाग एक पाण्यात सोडून द्यायची.

शनिवार तोंडावर आला होता. बोरिवलीतल्या एका घरची मिरची भाजून ती परत येत होती. मिरची भलतीच तिखट निघाली होती. बोट सुटली, छत्री उघडली. खाडीच्या मध्यावर तिने नाक वर केलं, एक डोळा मिटला, दुसरा अर्धा, वरचा ओठ थरथरला, आणि शेजारच्या बाकावर कोणीतरी श्वास रोखल्याचा आवाज आला.

अक्षता होती. कोंबडीचं कव्हर निस्तरायला मुलुंडहून निघाली होती आणि कडेची जागा मिळाली म्हणून छत्रीच्या पाण्याकडच्या बाजूला बसली होती.

व्हायोलेटबायने अर्ध्या डोळ्याने तिला पाहिलं. आलेली शिंक कुठे गेली ते त्या खाडीलाच माहीत.

“मावशी... तुम्हाला...”

“हळू बोल!”

“पण तुम्हाला तर येतच नाही म्हणतात!”

“न यायला मी काय पुतळा आहे?” व्हायोलेटबाय दातांतून म्हणाली. “मिरची ती मिरची. येते, सगळ्यांना येते तशी मलाही येते. जीभ टाळूला लावायची आणि मनात नमो मरिया म्हणायचं. अर्ध्यावर थांबते.”

“दर वेळी?”

“मोठी असली तर दोनदा म्हणावं लागतं,” अर्बनने वरून माहिती पुरवली.

“तू छत्री धर.”

अक्षता तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती, आणि ती कशाकडे बघतेय हे व्हायोलेटबायला बरोबर कळलं. “शेर्विनला सांगायचं नाही,” ती म्हणाली. “कोणालाच सांगायचं नाही. लोकांना वाटतं, देवाने व्हायोलेटला वेगळं नाक दिलंय. वाटू दे.”

“नाही सांगणार,” अक्षता म्हणाली. आणि खरंच नाही सांगितलं. हीसुद्धा भांडली नाही. या दोन पोरांच्या चांगुलपणाने व्हायोलेटबाय अगदी जेरीला आली.

घरी आली, पाय धुतले, तर शेजारच्या ओट्यावर शेर्विन बसलेला. स्क्रीनवर कोंबडी होती. कोंबडीला त्याने टोपी घातली होती, काढली होती, पुन्हा घातली होती. समोर अक्षता गालावर हात ठेवून बसली होती.

“कशी आहे?” शेर्विनने विचारलं.

“चांगली आहे,” अक्षता म्हणाली. “कोंबडीसारखी आहे.”

व्हायोलेटबाय उभी राहून बघत राहिली. कोंबडी वाईट नव्हती. पण तिला त्या रांगा आठवल्या, तिकिटाएवढ्या चौकोनांच्या. त्यात ही कोंबडी, आणि एक बोट येऊन तिला बाजूला सारून जाणार. आत उखळ आहे, तिची मुसळं वाजतायत, धणे वाळतायत, आणि दारात कोणी थांबत नाही.

ती आत गेली. थोड्या वेळाने अंगणातून खापर ठेवल्याचा आवाज आला.

“अर्बन, चूल पेटव!”

“आता? जेवणाच्या वेळेला?”

“पेटव म्हणते ना! शेर्विन, इकडे ये. ती कोंबडी ठेव तिथे. तुझं ते काढायचं घेऊन ये. अक्षता, तू फोन धर. आणि एकदाच होईल, परत परत करून दाखवणार नाही.”

ती पाटावर बसली, कामाचं जुनं लुगडं, घामेजलेलं कपाळ, हाताला दिवसभराची लाली. तिने सगळ्यांत तिखट मिरची मूठभर घेतली आणि खापरावर टाकली.

धूर उठला. अक्षता पहिल्याच झटक्यात गेली. फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने नाक दाबत ती सटासट शिंकत होती. शेर्विन खोकत होता, डोळे पुसत होता, पण नजर काढत नव्हता. अर्बन फाटकाबाहेर पळाला आणि तिथून त्याच्या शिंका ऐकू यायला लागल्या. शेजारच्या घरातून कोणीतरी ओरडलं, “अगो व्हायोलेट, काय सूड घेतेस काय?”

आणि व्हायोलेटबायचं नाक वर गेलं. एक डोळा मिटला. भुवया कपाळात चढल्या. वरचा ओठ थरथरला, नाकपुड्या फुलल्या, सगळा चेहरा एका बिंदूशी येऊन थांबला. शेर्विनने आपल्या मावशीला असं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचा हात क्षणभर थांबलाच.

“काढ!” ती न हलता, ओठांच्या फटीतून म्हणाली. “किती वेळ धरू?”

त्याने काढलं.

मग तिने हळूहळू श्वास सोडला, डोळा उघडला आणि खापर उतरवलं. शिंक आली नाही.

“मावशी, म्हणजे तुला...”

“येते,” व्हायोलेटबाय म्हणाली. “बाहेर पडू देत नाही, एवढंच. ते चित्रात घाल. शिंकलेली नको. येतेय, पण दाबलीय, अशी. आणि नाक आहे तेवढंच काढ. त्या दिवशीच्या चित्रात केवढं केलं होतंत!”

कव्हर रात्रीच्या जेवणाआधी तयार झालं. मागे पिवळं ऊन, पुढे चौकोन भरून तिचा चेहरा, त्या एका क्षणात अडकलेला, आणि खाली एका कोपऱ्यात लालभडक मिरची. बस्स. चर्च नाही, बोट नाही, जोडीदारणी नाहीत. व्हायोलेटबायने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, यावरून तिची तयारी कळावी.

अर्बनला खुर्चीत बसवलं. फोन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला धरला.

अर्बन बघत राहिला. पुढे वाकला. मग आणखी वाकला, इतका की खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले. त्याचं स्वतःचंच नाक हळूहळू वर गेलं.

“काय दिसतंय, अंकल?”

“थांब गं,” तो कुजबुजला. “येतेय तिला.”

सगळे थांबले.

“अगं मग?” अर्बन कासावीस होऊन म्हणाला. “आली की नाही?”

शेर्विन आणि अक्षताने एकमेकांकडे पाहिलं आणि कव्हर पाठवून दिलं.

जत्रा भरली, आणि लोक थांबले. सगळं जग थांबलं असं नाही. पण रांगेतून सरकणारी बोटं त्या चेहऱ्यावर अडायला लागली, आणि आत आलेली माणसं धणे वाळवत रमायला लागली. कोबीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं ते फक्त भाजीला. शेर्विन संध्याकाळी मावशीला लोकांची पत्रं वाचून दाखवायचा. कोणी लिहिलं होतं, या बाईला शेवटी शिंक येते का? कोणी लिहिलं होतं, मी सगळी घरं पूर्ण केली, अजून शिंकली नाही, कुठे चुकतोय? कुठल्यातरी थंड देशातल्या एका आजोबांनी लिहिलं होतं की ते रोज बघतात आणि त्यांना स्वतःलाच येते.

“त्यांना लिही,” व्हायोलेटबाय म्हणाली, “जीभ टाळूला लावा म्हणावं.”

पण तिची खरी धाकधूक दुकानाची नव्हती, मरोळची होती. तिथल्या गावठाणातल्या मोठ्या घरी दर वर्षी ती जायची. या वर्षी ठरल्या दिवशी ती अंधेरीला उतरली तेव्हा तिला वाटत होतं, फाटकातच कोणीतरी म्हणेल, यंदा राहू दे गं. त्या घरची थोरली सून, मालन, फाटकात उभीच होती. हातात फोन होता. फोनवर तेच चित्र.

“व्हायोलेटबाय,” मालन म्हणाली, “हे खरं आहे?”

व्हायोलेटबायने पदर खोचला. “खरं आहे.”

“म्हणजे तुला येते?”

“येते.”

“आणि इतकी वर्षं तू आमच्या घरी...” मालनने पुन्हा एकदा फोनकडे बघितलं. “आमच्या सासूबाई सांगायच्या, तुला देवाची देणगी आहे, तुला काही जाणवतच नाही. आम्ही म्हणायचो, मग त्यात काय मोठंसं! हिला त्रासच नाही. आणि तू दर वर्षी हे असं दाबून बसायचीस? दिवसभर?”

“हो.”

“आई गं,” मालन म्हणाली, आणि तिने फाटक सताड उघडलं.

आत अंगणात चूल मांडलेली होती. एरवी मसाल्याच्या दिवशी त्या घरातली माणसं मिरची पडायच्या आधीच लांब पळायची. आज शेजारपाजारच्या बायकासुद्धा जमल्या होत्या. नाकाला रुमाल बांधून, खुर्च्या घेऊन, चार जणी तर फोन सरसावून. व्हायोलेटबाय पाटावर बसली. खापर तापलं, मिरची पडली, धूर उठला. शिंकांची एकच दाणादाण उडाली. पण जी शिंकत होती तीसुद्धा शिंकता शिंकता डोळे फाडून हिच्याच चेहऱ्याकडे बघत होती. जीभ टाळूला लावता लावता व्हायोलेटबायला कळून चुकलं की आजवर जे कोणी बघत नव्हतं म्हणून सोपं होतं, ते आता जन्मभर अवघड झालं.

खापरावरच्या मिरच्या एका बाजूने काळवंडायला लागल्या होत्या.

“अगं बायांनो,” ती एक डोळा मिटून, दातांवर दात ठेवून ओरडली, “माझं तोंड काय बघता? मिरची हलवा कोणीतरी, मिरची!”